शंभर एमबीपीएस आणि तुटका आवाज

शेजारच्या वहिनींची लेक टोरांटोला असते. रविवारी पोहे-जलेबी आटोपली की इंटरनेटवरून कॉल लागतो (तिकडे शनिवारची रात्र असते), आणि रामबागेतल्या आमच्या अख्ख्या गल्लीला ऐकू येतं, "हॅलो, हॅलो, तुझा आवाज तुटून राहिलाय!" मग मला हाक. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी काढली ना, फोन नावाचं काहीही बिघडलं की ड्यूटी माझीच.

"शंभर एमबीपीएसचा प्लान घेतलाय हो भावजी!"

गल्लत इथंच होते. आमच्या डिजिटल एक्स्चेंजमध्ये आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेत, एकेक नमुना ८ बिटांचा. झाले सेकंदाला ६४ हजार बिट, म्हणजे ६४ केबीपीएस. असे हजार केबीपीएस म्हणजे एक एमबीपीएस. २ एमबीपीएसच्या एका जोडणीवर ३० जणांची बोलणी निवांत चालत. आवाजाचे आकडे करून भरायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. हाच जुना कोडेक, जी.७११, इंटरनेटवर वापरला तर पत्त्याबित्त्याचं ओझं धरून साधारण ८० केबीपीएस लागतात. ओपससारखे नवे कोडेक त्याहून कमीत भागवतात. तेव्हा नुसत्या बोलण्यासाठी शंभर एमबीपीएस म्हणजे एका माणसासाठी अख्खी आगगाडी.

मग आवाज तुटतो का? पूर्वी कॉल लागला की दोघांमधली वाट बोलणं संपेपर्यंत राखीव असायची. इंटरनेटवर राखीव काही नाही. बोलण्याचे २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतात, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटं, आणि प्रत्येक पाकीट गर्दीतून स्वतःची वाट काढतं. पोचायला लागणारा वेळ ती लेटन्सी. एका बाजूने १५० मिलिसेकंदांपर्यंत माणसाला जाणवत नाही. फार वाढली की दोघं एकदम बोलायला लागतात. एक पाकीट लवकर, दुसरं उशिरा, हा जिटर. वाटेत हरवलं तर पॅकेट लॉस. फाइल उतरवताना हरवलेलं पाकीट परत मागवतात, ते टीसीपी नावाच्या पद्धतीचं काम. बोलणं बहुतेक यूडीपी या दुसऱ्या पद्धतीवर चालतं, तिथं परत मागवणं नाही. शब्द निघून गेल्यावर त्याचं अक्षर आणून करणार काय?

आता तपासायचं कसं. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, इंग्रजीत पिंग लिहा, जागा सोडून राउटरचा आयपी पत्ता. बहुधा १९२.१६८.१.१ असतो, राउटरच्या बुडाला चिकटवलेला सापडेल. उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते दिसतं. वहिनींकडे आलं: ३, ४, २, मग एकदम १८७, ५, २४०. घरातल्या घरात! म्हणजे टोरांटोचा दोष नाही, कंपनीचाही नाही. राउटर लोखंडी कपाटामागे, शेजारी मायक्रोवेव्ह. २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय आणि मायक्रोवेव्ह एकाच पट्ट्यात गोंधळ घालतात. राउटर कपाटावर उघड्यावर आणला, लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर जोडला. आकडे २-३ वर बसले. हे आकडे सरळ असतील तर पुढचं पिंग ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला करा. ते उड्या मारत असेल तर वेळेसकट लिहून ठेवा आणि कंपनीला तक्रार द्या. त्याआधी कोणाचा मोबाइल फोटोंचा बॅकअप चढवत नाही ना, तेवढं बघा. अपलोड भरला की आवाजाची पाकिटं रांगेत अडकतात.

८.८.८.८ ला उत्तर येतंय पण नावाने एकही साइट उघडत नाही? मग गडबड बहुधा डीएनएसची, म्हणजे नावावरून नंबर सांगणाऱ्या डिरेक्टरीची.

हा १९२.१६८ वाला पत्ता मात्र घरोघरी तोच. वाड्यासारखं समजा. बाहेर वाड्याचा पत्ता एकच, आत बिऱ्हाडं दहा. आलेलं पत्र कोणाचं ते दरवान बघतो. राउटरमधल्या या दरवानाचं नाव नॅट. भाच्याचं कपडा मार्केटमध्ये दुकान आहे. तिथं इंटरनेटवर चालणारा नवा आयपी फोन बसवला तर घंटी वाजे, याचं बोलणं पलीकडे जाई, तिकडचं मात्र ऐकू येत नसे. घंटी वाजवतो तो सिप, बोलणं वाहतो तो आरटीपी. सिपच्या चिठ्ठीत आतल्या बिऱ्हाडाचा पत्ता असतो, तो बाहेरच्याला सापडत नाही. तो दुरुस्त करायला राउटरमध्ये सिप एएलजी नावाची सोय असते, आणि बरेचदा तीच घोळ घालते. ती बंद केली, आवाज दोन्हीकडून सुरू.

एक गोष्ट मात्र जुन्या फोनचीच खरी. लाइट गेली तरी तो चालायचा, कारण एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांमधून ४८ व्होल्ट तारेतूनच यायचे. आता फायबरच्या डब्याला आणि राउटरला छोटा यूपीएस लावावा लागतो. वहिनींनी तो लगेच आणला. राउटरवर क्रोशाचा रुमालही घातलाय. कापडाने सिग्नल अडत नाही, पण डबा तापतो, असं दोनदा सांगून झालं. रुमाल अजून तिथंच आहे.