लॉगिनचा पडदा बदलला, तर पासवर्ड बदलण्यापूर्वी हे तपासा

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या वाचनालयातील संगणकाची उबंटू प्रणाली अद्ययावत केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यार्थिनींची तक्रार आली, की पासवर्ड बरोबर असूनही संगणक आत घेत नाही. अशा वेळी पासवर्ड बदलण्याची घाई करू नये. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात कळफलकाची भाषा दिसते, ती आधी पाहावी. तेथे मराठी निवडलेली असेल, तर इंग्रजी पासवर्डची अक्षरे देवनागरीत उमटतात, मात्र चौकटीत नुसते ठिपकेच दिसत असल्यामुळे चूक कुणाच्याही ध्यानात येत नाही. पासवर्डच्या चौकटीतील डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करताच खरी अक्षरे समोर येतात. आमच्याकडे नेमके हेच निघाले.

डेस्कटॉपचा प्रकार निवडण्याचे दातेरी चाकाचे चिन्ह दिसत नाही, ही तक्रारही रास्त आहे, कारण ते आधी दिसत नाही. संगणकावर एकाहून अधिक प्रकार असतील, तर आपल्या नावावर क्लिक केल्यावरच खालच्या उजव्या कोपऱ्यात येते.

लॉगिनचा पडदा दाखवण्यासाठी उबंटूने ऑक्टोबर २०१७ मधील १७.१० आवृत्तीत लाइटडीएम हा प्रोग्राम सोडून जीडीएम हा प्रोग्राम स्वीकारला. जीडीएमचा पडदा प्रत्यक्षात ग्नोम शेल, म्हणजे उबंटूचा डेस्कटॉप दाखवणारा प्रोग्राम, रेखाटतो, म्हणून दिसण्याविषयीची तक्रार ग्नोम शेलकडेच नोंदवावी. तक्रारीत आवृत्तीचा क्रमांक, पूर्वी काय होत असे आणि आता काय होते, हे स्पष्ट लिहावे आणि मोबाइलने काढलेले पडद्याचे छायाचित्र जोडावे, मात्र त्यात वापरकर्त्यांची नावे दिसत असल्यास ती आधी झाकावीत.