कशाभिका पुन्हा उगवत नाहीत? क्लॅमिडोमोनासच्या प्रयोगातल्या या चुका टाळा

क्लॅमिडोमोनास हे एकपेशीय हिरवं शैवाल. त्याच्या दोन्ही कशाभिका (पोहण्यासाठीचे चाबकासारखे धागे) गळून पडल्या तरी दीड-दोन तासांत पुन्हा १०-१२ मायक्रोमीटर वाढतात. प्रयोगात ॲसिटिक आम्लाने कशाभिका आधी गाळायच्या आणि मग त्यांची वाढ मोजायची. प्रयोग तसा सरावाचा, पण फसतो तो बहुधा आम्लापाशीच.

पीएच ४.५ वर आणायचा म्हणून हाताशी असलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल ओतू नका. मीटर बरोबर आकडा दाखवेल, कशाभिका मात्र गळणार नाहीत. ॲसिटिक आम्लाचे बरेचसे रेणू त्या पीएचला विद्युतभाराविना असतात. ते पेशीचं पटल ओलांडतात, पेशीच्या आत आम्लता वाढते, बाहेरचं कॅल्शियम आत येतं आणि कशाभिका बुडाच्या किंचित वर तुटते. म्हणूनच माध्यमात कॅल्शियम हवंच. मिनिटभरात पीएच पुन्हा ७ च्या आसपास आणा. रेंगाळलात तर पेशी मरतात.

आम्लानंतर लगेच एक नमुना आयोडीनमध्ये घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघाच. कशाभिका गळल्याच नसतील तर पुढची सगळी मापं फुकट. नंतरही दर १०-१५ मिनिटांनी मोजा. सुरुवातीची वाढ झपाट्याची असते, पुढे मंदावते; फक्त शेवटी मोजणाऱ्याला ते कळतच नाही.

खरी गफलत होते अर्थ लावताना. कशाभिका वाढली म्हणजे सगळी प्रथिनं नव्याने बनली, असं नव्हे. सायक्लोहेक्झिमाइडने प्रथिननिर्मिती बंद करून बघा: वाढ तरीही होते, पण निम्म्या लांबीपर्यंतच. तेवढा माल पेशीत आधीच शिलकीत असतो. त्यामुळे ‘औषध चाललं नाही’ म्हणून बाटली बदलू नका, आधी लांबी मोजा. औषधाविना मात्र गळतीनंतर थोड्याच वेळात ट्युब्युलिनची (कशाभिकेच्या मुख्य प्रथिनाची) जनुकं जोरात चालू होतात.

वाढ बुडातून होते, हा आणखी एक समज. केसांचं तसं असतं, इथे उलटं: किनेसिन-२ हे वाहक प्रथिन माल शेंड्यापर्यंत वाहून नेतं आणि जोडणी तिथे होते. एफएलए१० हा तापमान-संवेदी उत्परिवर्ती वाण वापरत असाल तर उबवणी यंत्राचं तापमान आधी तपासा. ३२ अंश सेल्सिअसला त्याचं हेच किनेसिन बंद पडतं आणि आम्लाचं काम चोख झालेलं असूनही पेशी बोडक्याच राहतात.