गाइयाच्या नोंदींवरून कृत्तिकांचे अंतर घरबसल्या कसे काढावे

कार्तिक पौर्णिमेचा चंद्र ज्यांच्या आसपास असतो आणि ज्यांच्यावरून त्या महिन्याला नाव पडले, त्या कृत्तिका या तारकागुच्छाचे अंतर नेमके किती, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नावर खगोलशास्त्रज्ञांमध्ये बराच काळ वाद होता. युरोपीय अवकाश संस्थेच्या हिप्पार्कस उपग्रहाची सूची १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यावरून हे अंतर सुमारे ११८ पार्सेक (एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे) निघाले, तर ताऱ्यांच्या रंगावरून आणि तेजावरून काढलेले अंतर १३० पार्सेकच्या वर जात होते. एवढ्या फरकाने या ताऱ्यांचे खरे तेज जवळजवळ तीस टक्क्यांनी बदलते. त्यामुळे हिप्पार्कस बरोबर असेल तर तारे कसे जळतात याविषयीचे आपले गणितच कोठेतरी चुकते आहे, असे मानावे लागले असते. पुढे २००५ मध्ये हबल दुर्बिणीच्या मापनांतून १३४.६ आणि २०१४ मध्ये एकमेकींपासून दूर असलेल्या रेडिओ दुर्बिणींच्या एकत्रित निरीक्षणांतून १३६.२ पार्सेक हे आकडे आले. गाइया या अवकाश दुर्बिणीने या वादाचा निकाल लावला. तिच्या नोंदी सर्वांना विनामूल्य खुल्या असल्यामुळे हा निकाल आपल्याला स्वतः तपासून पाहता येतो. त्यासाठी इंटरनेट, स्प्रेडशीट आणि एक मोकळी दुपार पुरेशी आहे.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते तसे जवळचे तारे दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित सरकल्यासारखे दिसतात. सहा महिन्यांत होणाऱ्या या सरकण्याच्या निम्म्या कोनाला पॅरलॅक्स किंवा पराशय म्हणतात. कोन मिलिआर्कसेकंदांत, म्हणजे अंशाच्या छत्तीस लाखाव्या भागांत, मोजला, तर १००० ला त्या आकड्याने भागले की अंतर पार्सेकमध्ये मिळते. कृत्तिकांचा कोन साधारण ७.४ मिलिआर्कसेकंद आहे. मुंबईत उभे राहून नागपुरात ठेवलेले अडीच सेंटिमीटर व्यासाचे नाणे पाहिले, तर ते जेवढे दिसेल तेवढा हा कोन असतो. १९ डिसेंबर २०१३ रोजी प्रक्षेपित झालेली आणि पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर काम करणारी गाइया, १५ पेक्षा तेजस्वी प्रतीच्या ताऱ्यांसाठी (प्रत हे तेजाचे माप; आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी) हा कोन ०.०२ ते ०.०३ मिलिआर्कसेकंदांच्या अचूकतेने देते. तिचे निरीक्षण जानेवारी २०२५ मध्ये थांबले. आपण वापरणार आहोत तो तिसरा संच जून २०२२ मध्ये पूर्णपणे खुला झाला. त्यात १८० कोटींहून अधिक नोंदी आहेत.

गाइयाच्या अधिकृत संग्रहाच्या संकेतस्थळावर शोधाचा अर्ज उघडावा. नावाच्या जागी ‘एम ४५’ हे कृत्तिकांचे सूचीतले नाव लिहावे, किंवा त्यांचे आकाशातील स्थान विषुवांश ५६.७५ अंश आणि क्रांती +२४.१२ अंश असे भरावे. वर्तुळाची त्रिज्या दोन अंश ठेवावी. एककाच्या जागी आर्कसेकंद निवडलेले असेल, तर ते बदलून अंश करण्यास विसरू नये. त्यानंतर तिसऱ्या संचाची मुख्य सारणी निवडून तीन अटी घालाव्यात: पॅरलॅक्स ५ पेक्षा जास्त, जी प्रत (गाइयाने मोजलेली मुख्य प्रत) १५ पेक्षा कमी आणि आरयूडब्ल्यूई हा आकडा १.४ पेक्षा कमी. यांपैकी तिसरी अट नवख्या माणसाला अनावश्यक वाटते, परंतु तीच महत्त्वाची आहे. एकटा तारा आकाशात ज्या मार्गाने सरकायला हवा, त्या मार्गाशी गाइयाची निरीक्षणे किती जुळतात ते हा आकडा सांगतो. तो १ च्या जवळ असेल तर ठीक. बराच मोठा असेल, तर त्या ताऱ्याला बहुधा एखादा जोडीदार ओढत असतो आणि त्याच्या पॅरलॅक्सवर भरवसा ठेवता येत नाही.

उत्तरात पॅरलॅक्स, त्याची त्रुटी, निजगतीचे (तारा आकाशात दरवर्षी जेवढा सरकतो त्या गतीचे) दोन घटक म्हणजे पीएम-आरए आणि पीएम-डेक, जी प्रत आणि बीपी-आरपी रंग (निळ्या आणि तांबड्या प्रकाशातील प्रतींमधला फरक) एवढे स्तंभ मागवावेत आणि फाइल सीएसव्ही स्वरूपात उतरवून घ्यावी. मात्र त्याआधी अर्जातील कमाल ओळींची मर्यादा पाहावी. पहिल्या खेपेस मी ती पाहिली नव्हती. यादी मध्येच तुटली आणि हातात आलेल्या अर्धवट ताऱ्यांवर मी अख्खी संध्याकाळ घालवली. वरील अटी घातल्यावर ओळी काही शे इतक्याच राहतात. पॅरलॅक्सची अट सुटली, तर मागचे तारेही जाळ्यात सापडतात आणि ओळी हजारोंनी वाढतात.

आता खरे काम सुरू होते. हाती आलेल्या यादीत कृत्तिकांचे सदस्य आहेत, तसेच केवळ त्याच दिशेला दिसणारे उपरे तारेही आहेत. सर्वांची सरासरी घेतली तर उत्तर येईल, पण ते कोणाचेच नसेल. पंढरीच्या वाटेवर गर्दीतली एखादी दिंडी जशी तिच्या एकसारख्या चालीवरून ओळखू येते, तसे येथे निजगतीवरून ताऱ्यांना ओळखायचे आहे. स्प्रेडशीटमध्ये आडव्या अक्षावर पीएम-आरए आणि उभ्या अक्षावर पीएम-डेक घेऊन प्रत्येक ताऱ्याचा एक ठिपका काढावा. उपरे तारे विस्कळीत पसरलेले दिसतील, आणि +२० व −४५ (मिलिआर्कसेकंद दरवर्षी) यांच्या आसपास ठिपक्यांचा एक गच्च गोळा दिसेल. ही आकृती मी अनेकदा काढली आहे, तरी तो गोळा पडद्यावर उमटताना पाहण्याची गंमत काही कमी झालेली नाही.

त्या गोळ्यातले तारे वेगळे काढण्यासाठी एक नवा स्तंभ करावा. पीएम-आरएमधून २० वजा करावेत, पीएम-डेकमध्ये ४५ मिळवावेत, दोन्ही उत्तरांचे वर्ग करून त्यांची बेरीज करावी आणि ती २५ पेक्षा कमी असलेल्या ओळीच ठेवाव्यात. ही मर्यादा दगडावरची रेघ नव्हे. ती १६ किंवा ३६ धरूनही पाहावे. उत्तर फारसे हलले नाही, तर निवड योग्य झाली असे समजावे.

उरलेल्या ताऱ्यांच्या पॅरलॅक्सचा स्तंभालेख काढला की ७.४ च्या जवळ एक टोकदार शिखर दिसते, आणि दोन्ही बाजूंना निजगतीच्या चाळणीतूनही निसटलेले थोडे उपरे दिसतात. ६.५ ते ८.५ या पट्ट्याबाहेरचे तारे काढून टाकून बाकीच्यांचा मध्यक घ्यावा. एखाददुसऱ्या चुकार ताऱ्याने सरासरी खेचली जाते, मध्यक सहसा जात नाही. समजा मध्यक ७.३७ आला, तर १००० भागिले ७.३७ म्हणजे १३५.७ पार्सेक. त्याला ३.२६ ने गुणले की सुमारे ४४० प्रकाशवर्षे होतात. हिप्पार्कसच्या ११८ पार्सेकसाठी हाच कोन ८.५ च्या जवळ यायला हवा होता. आपल्या शिखरापासून तो किती दूर पडतो ते त्याच आलेखावर पाहावे.

येथे दोन खुलासे आवश्यक आहेत. शिखराची रुंदी गाइयाच्या त्रुटीपेक्षा बरीच जास्त दिसते, पण तो मापनातला दोष नाही. गुच्छालाच खोली आहे. जो तारा पाच पार्सेक अलीकडे आहे, त्याचा पॅरलॅक्स सुमारे ०.३ ने मोठा येणारच. दुसरी गोष्ट अशी की गाइयाचे सगळेच पॅरलॅक्स किंचित कमी येतात. क्वेसार म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांची तेजस्वी केंद्रे; त्यांचा पॅरलॅक्स शून्य यायला हवा, पण त्याचा मध्यक −०.०१७ मिलिआर्कसेकंद आला, त्यावरून हे कळले. ताऱ्याच्या तेजाप्रमाणे आणि रंगाप्रमाणे ही दुरुस्ती बदलते. आपल्या कामात तिने अर्धा-एक पार्सेकचाच फरक पडेल. हजारो पार्सेकवरच्या ताऱ्यांसाठी मात्र ती टाळता येत नाही, आणि तेथे नुसता भागाकारही चालत नाही, कारण त्रुटी मोठी असली की काही पॅरलॅक्स चक्क ऋण येतात.

डोळ्यांना दिसणाऱ्या सहा-सात कृत्तिका मात्र या हिशेबात धरू नयेत. योगतारा अल्सायनी २.९ प्रतीची आहे. इतक्या तेजस्वी ताऱ्यांचे मापन गाइयाला नीट जमत नाही, त्यामुळे हे अंतर निघते ते ज्यांच्याकडे आपण कधी लक्षही दिले नाही अशा मंद ताऱ्यांवरून.

निवड बरोबर झाली की नाही, याची पडताळणी रंगावरून होते. आपण काढलेल्या अंतरासाठी प्रत्येक जी प्रतीतून ५.६६ वजा केले की निरपेक्ष प्रत, म्हणजे ताऱ्याचे खरे तेज दाखवणारा आकडा, मिळते. आडव्या अक्षावर बीपी-आरपी आणि उभ्या अक्षावर निरपेक्ष प्रत, लहान आकडा वर येईल अशी, मांडावी. डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरणारी रेखीव पट्टी दिसली तर निवड योग्य आहे. या पट्टीच्या पाऊण प्रत वर तिला समांतर अशी एक विरळ रेघ दिसते. ते सारख्या तेजाचे जुळे तारे होत, कारण दोघांचा प्रकाश एकत्र मोजला गेला की प्रत तेवढीच उजळते. सूर्यासारखा तारा या गुच्छात १०.३ प्रतीच्या आसपास दिसेल. आपल्या यादीत तसा एखादा शोधून पाहावा.

हौस असल्यास त्रिज्या दहा अंशांपर्यंत वाढवून हीच कृती पुन्हा करावी. तेव्हा तो गोळा पसरट होतो, कारण समान वेगाने जाणारे तारेही आकाशात दूरदूर असले की आपल्याला त्यांची निजगती वेगवेगळी दिसते. त्यामुळे गुच्छाची कड कोठे संपते ते केवळ निजगतीवरून ठरवता येत नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात यावर तोडगा म्हणून गाइयाच्या नोंदींना टेस या अवकाश दुर्बिणीने मोजलेल्या ताऱ्यांच्या स्वतःभोवती फिरण्याच्या वेगाची जोड देण्यात आली. तरुण तारे भराभर फिरतात आणि वय वाढते तसे मंदावतात, म्हणून सुमारे बारा कोटी वर्षे वयाची ही भावंडे फिरण्यावरून ओळखता येतात. या रीतीने कृत्तिकांचा परिवार पूर्वी समजला जात होता त्याच्या सुमारे वीस पट मोठा निघाला आणि त्यातले कित्येक तारे आपल्या दहा अंशांच्या वर्तुळाच्याही बाहेर आहेत.