भांग पाडून विंचरा: लांब केसांच्या मांजरीचे गळणारे केस कसे आवरावेत

घरात लांब केसांची मांजर आहे म्हणजे केस गळणारच. गळणं बंद करणारं तेल, शाम्पू किंवा गोळी मिळत नाही. तसं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवून मी पूर्वी बराच वेळ वाया घालवला आहे. आपल्या हातात एकच गोष्ट असते: सुटलेला केस सोफ्यावर पडण्याआधी आणि मांजरीच्या पोटात जाण्याआधी फणीत धरायचा. घर झाडण्याचं काम त्यानंतरचं. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, दिवसभर घर झाडतात आणि मांजरीच्या पाठीवरून आठवड्यातून एकदा ब्रश फिरवतात.

मांजरीच्या अंगावर वर लांब, जरा राठ केस असतात आणि त्यांच्याखाली मऊ, दाट लव. घरभर तरंगते ती मुख्यतः ही लव. आखूड केसांच्या मांजरीची लव सुटली की खाली पडते. लांब केसांच्या मांजरीची लव वरच्या केसांत अडकून राहते, तिथेच पिळली जाते आणि तिच्या जटा होतात. म्हणजे केस उडणं आणि जटा होणं या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत. दिवस मोठा-लहान होतो तसा मांजरीचा केसांचा थर बदलतो. पण घरात राहणाऱ्या मांजरीवर संध्याकाळनंतरही दिव्यांचा उजेड असतो, त्यामुळे तिचे केस थोडेफार वर्षभर गळतात. मोसम संपला म्हणून फणी कपाटात ठेवू नका.

साहित्य

गोल टोकांच्या दातांची धातूची फणी, एका बाजूला विरळ दात आणि दुसऱ्या बाजूला दाट. एक स्लिकर ब्रश, म्हणजे बारीक, टोकाला वाकलेल्या तारांचा चपटा ब्रश. सोफ्यासाठी एक साधा रबरी हातमोजा. लव खरवडून काढणारी पात्याची अवजारं मी वापरत नाही. पाच मिनिटांत केसांचा ढीग निघतो आणि बरं वाटतं, पण जास्त फिरवलं तर वरचे चांगले केसही तुटतात. वापरायचंच असेल तर फक्त पाठीवर, हलक्या हाताने आणि क्वचित.

वेळ

ती खाऊन सुस्तावलेली असते तेव्हा. खेळाच्या तोंडावर कधीच नाही.

भांग पाडून विंचरणं

इथेच मी दोन वर्षं चुकत होते. माझ्या मांजरीला रोज ब्रश करायचे. पाठ रेशमासारखी दिसायची, ब्रशमध्ये केसही यायचे. एक दिवस तिला पोटावर उचलताना बगलेत हाताला काहीतरी टणक लागलं. केस बाजूला केले तर खाली नमद्यासारखा घट्ट थर, दोन्ही बगलांत आणि जांघेत. माझा ब्रश इतके दिवस नुसता वरवर फिरत होता. खालची लव जागची हलली नव्हती.

त्यानंतर मी जे केलं ते कोणीही करू नये. मी कात्री घेतली. मांजरीची कातडी पातळ आणि सैल असते. जट ओढली की कातडी तंबूसारखी तिच्यासोबत वर येते आणि केस कुठे संपले, कातडी कुठे सुरू झाली ते दिसत नाही. मला वाटलं मी जटेत कापते आहे. कापली गेली कातडी. तिला टाके पडले आणि पुढे कित्येक महिने फणी दिसली की ती पलंगाखाली जायची. ‘बोथट टोकाची कात्री चालते’ हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. टोक बोथट असलं तरी पातं धारदारच असतं. जटेला कात्री लावायची नाही, यात मी कोणतीही सूट मानत नाही.

योग्य रीत अशी. मांजरीला कुशीवर निजू द्या किंवा मांडीवर आडवी बसू द्या. एका तळव्याने केसांचा सगळा झुपका वर उचलून धरा आणि खालच्या कडेने केसांची एक बारीक ओळ सुटू द्या. आपल्या केसांचा भांग पाडल्यावर टाळूची रेघ दिसते, तशी कातडीची रेघ दिसली पाहिजे. रेघ दिसत नसेल तर तुम्ही विंचरत नाही, फक्त केस गुळगुळीत करता आहात.

त्या एका ओळीत आधी विरळ दातांची फणी घाला. टोकापासून सुरुवात करा, मग मधून, मग मुळापासून. फणी अडली तर ओढायचं नाही. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी केस मुळाशी चिमटीत धरा, म्हणजे ताण बोटांवर येतो, कातडीवर येत नाही. ही चिमूट जमली की निम्मं काम जमलं. मांजर पळते ती बहुतेक वेळा त्या ओढीमुळे. फणी सरळ निघायला लागली की दाट बाजू फिरवा. मग भांग बोटभर वर सरकवून पुढची ओळ. पोटाकडून पाठीकडे असं वर वर जायचं.

एका बैठकीत सगळं अंग करायचा हट्ट धरू नका. आज डावी कूस, उद्या उजवी, परवा मागच्या पायांची झालर आणि शेपटी. पाच ते सात मिनिटं पुरतात. मात्र कानामागे, बगलेत, जांघेत आणि शेपटीखाली बोटं रोज फिरवायची, कारण जट नेहमी घासणाऱ्या जागी धरते. पर्शियनसारख्या दाट लवेच्या मांजरीला फणी रोज हवी. मेन कूनसारख्या जातीच्या मांजरीचे केस त्यामानाने सुटे असतात, तिला बहुधा एक दिवसाआड चालतं.

शेपटी आपटायला लागली, कान आडवे झाले, पाठीची कातडी थरथरली की त्याच क्षणी थांबा. ती चावेपर्यंत वाट पाहिलीत तर चावल्याने सुटका होते एवढंच ती शिकेल. तिला कोणी धरून ठेवायचं आणि दुसऱ्याने विंचरायचं हा प्रकार तर मुळीच नको.

जट सापडलीच तर

लहान आणि सैल असेल तर मुळाशी चिमूट धरून बोटांनीच दोन-तीन भागांत फाडा आणि फणीच्या टोकाने बाहेरच्या बाजूने सोडवत या. कातडीला चिकटलेली असेल तर ती पशुवैद्याकडे किंवा अनुभवी ग्रूमरकडे (प्राण्यांचे केस विंचरून-कापून देणाऱ्याकडे) केस कापायच्या मशिननेच काढून घ्यायची. जट असताना अंघोळ घालू नका. पाण्याने ती आणखी आवळते. आधी फणी, मग पाणी.

सगळे केस उतरवावेत का?

नुसते केस गळतात म्हणून नको. आखूड केसही गळतातच आणि कापडात जास्त रुततात. हिमालयन जातीच्या मांजरीच्या बाबतीत तर भादरलेल्या जागी नवे केस बरेचदा गडद रंगाचे येतात, कारण तिच्या केसांचा रंग कातडीच्या तापमानावर ठरतो. अंगभर जटा झाल्या असतील किंवा पशुवैद्यांनी सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.

घरातले केस

रबरी हातमोजा किंचित ओला करून सोफ्यावरून एकाच दिशेने ओढा, केसांची वळकटी होऊन येते. फरशीवर कोरडा झाडू मारला तर लव उडते आणि तासाभराने परत बसते. आधी ओलसर फडकं किंवा व्हॅक्यूम क्लीनर. कपडे धुण्याआधी कोरडेच झटका. तिच्या बसायच्या आवडत्या जागी एक चादर टाका आणि तेवढीच धूत राहा.

घरात कोणाला मांजरीची ॲलर्जी असेल तर हे ध्यानात ठेवा की ॲलर्जी आणणारं प्रथिन तिच्या लाळेत आणि कातडीतल्या ग्रंथींत तयार होतं. केस त्याला फक्त घरभर नेतात. त्यामुळे विंचरण्याचं काम त्या व्यक्तीने करू नये.

पशुवैद्याकडे कधी

मांजरीच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात, म्हणून चाटताना तोंडात आलेला केस बहुतेक गिळलाच जातो. अधूनमधून केसांचा गोळा उलटून पडणं वेगळं. पण ती वारंवार उबळ काढते आहे, काही पडत नाही आणि खाणंही सोडलं आहे, असं दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. आतड्यात गोळा अडकलेला असू शकतो. टक्कल पडलेले चट्टे, खपल्या, लालसर कातडी किंवा एकच जागा सतत चाटणं हे नेहमीचं केस गळणं नव्हे. पिसवा, बुरशी, थायरॉइड, ताण, यांपैकी काहीही असू शकतं आणि त्यावर फणीचा उपयोग नाही. म्हातारी किंवा जाड झालेली मांजर कंबरेपर्यंत वळू शकत नाही, तिच्या पाठीच्या मागच्या भागात जटा आधी दिसतात. तिथला भांग तिच्यासाठी तुम्ही रोज पाडा.