दाढांची मापं घ्यायची तर नीट घ्या

एकाच गावातल्या लोकांच्या दातांचे साचे टेबलावर मांडून बघा. कुणाच्या वरच्या पहिल्या दाढेला टाळूकडून एक जादा उंचवटा फुटलेला दिसेल, कुणाच्या खालच्या दुसऱ्या दाढेवर चाराऐवजी पाच उंचवटे. हा फरक खरा असतो. पण तुमच्या वहीत उतरलेला फरक लोकांच्या दाढांचा की तुमच्या हाताचा, हे कॅलिपर, म्हणजे दोन टोकांमधलं अंतर मोजायचं साधन, कसा धरलात यावर ठरतं.

साचे १३ ते १८ वयाच्या मुलामुलींचे घ्या. दुसरी कायमची दाढ आलेली असते आणि झीज नगण्य. सख्ख्या भावंडांपैकी एकच घ्या. अल्जिनेटचा (दातांचा ठसा घ्यायच्या लवचीक लगद्याचा) ठसा घेतल्याबरोबर त्यात डेंटल स्टोन (साच्यासाठीचं कडक प्लास्टर) ओता, ठसा ठेवला की आकसतो. किडलेली, सिमेंट भरलेली, कॅप बसवलेली दाढ सोडून द्या.

गालाकडून जिभेकडची रुंदी सोपी: लांबीच्या काटकोनात मिळेल ते सर्वांत मोठं माप.

लांबी, म्हणजे दाढेच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंतचं माप, मात्र घाम काढते. मलाही तिनेच सर्वांत जास्त छळलं. ‘शेजारच्या दातांना टेकते तिथून तिथपर्यंत मोजा’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. दाढ जराशी फिरलेली असली की टेकण्याची जागा सरकते आणि माप भलतंच येतं. कॅलिपर दाढेच्या चावण्याच्या पृष्ठभागाला आणि तिच्या स्वतःच्या गालाकडच्या बाजूला समांतर ठेवा. जबड्याची ओळ कुठे वळते ते विसरा. दाढ तिरकी असेल तर कॅलिपरही तिच्याबरोबर तिरका झाला पाहिजे.

दुकानातून आणलेल्या कॅलिपरची जाड टोकं दोन दाढांच्या फटीत शिरत नाहीत, वरच अडकतात. ती घासून सुईसारखी करून घ्या. आणि दाबू नका! स्टोन खरवडला जातो, पुढचं माप कमी येतं.

काही आठवड्यांनी तेच साचे पुन्हा मोजा, पहिले आकडे झाकून. दोन मापांतल्या फरकांचे वर्ग करून बेरीज करा, मापांच्या जोड्या जितक्या, त्याच्या दुपटीने भागा, वर्गमूळ काढा. ही तुमची चूक. स्त्री-पुरुषांच्या दाढांतला सरासरी फरक बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आत असतो. तुमची चूक त्याच्या आसपास गेली तर निष्कर्ष काढायचाच नाही, सगळं पुन्हा मोजायचं.

आकाराची नोंद ‘आहे-नाही’ अशी करू नका. टाळूकडचा तो जादा उंचवटा, व्हिएन्नाच्या काराबेल्लींच्या नावाने ओळखला जाणारा, कुठे नुसती खोबण असतो तर कुठे चांगला मोठा सुळका. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचे नमुना-साचे शेजारी ठेवून ० ते ७ श्रेणी द्या.

उजवी-डावी मिळून दोन माणसं धरू नका. एकच बाजू घ्या. ती खराब असेल तरच दुसरी. मुलं-मुली वेगळी मांडा, पहिली, दुसरी आणि अक्कलदाढ वेगळी: पहिली सर्वांत स्थिर, अक्कलदाढ सर्वांत लहरी, कित्येकांना ती येतच नाही.

इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीतल्या दाढांशी तुलना करायची असेल तर आधी रुंदी ताडून बघा. शेजारच्या दाताशी घासून दाढेची लांबी कमी होत जाते, रुंदीला ती झीज लागत नाही.