कोरड्या नायकाचा दुसरा भाग कसा लिहावा

भावना न दाखवणाऱ्या, कोरड्या नायकाच्या थरारकथेचा पहिला भाग वाचकांनी उचलून धरला की दुसऱ्या भागात नायकाला रडवावे, त्याचे प्रेम जुळवावे किंवा त्याच्या बालपणीचे दुःख उकरून काढावे, असा मोह लेखकाला हमखास होतो. तो टाळावा. ज्याच्या मनाचा थांग लागत नाही म्हणून वाचक पाने उलटत गेला, त्याचा थांग लेखकानेच आरंभी लावून दिला, तर पुढे नुसती हाणामारी उरते.

कथानक पहिल्या भागाच्या परिणामांतून काढावे. मेलेल्या खलनायकाचा भाऊ सूड घ्यायला येतो, ही युक्ती पार झिजली आहे. त्यापेक्षा, नायक तेव्हा जखमी साथीदाराला मागे टाकून निसटला असेल, तर त्या साथीदाराची मुलगी सांगलीत आहे आणि आता तिच्याशिवाय त्याचे काम अडले आहे, अशी मांडणी करावी.

स्थळ निवडताना नुसती शोभा पाहू नये. स्थळाने अडचण निर्माण केली पाहिजे. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवण्यासाठी जमिनीत खोदलेली पेवे आहेत. त्यांचे तोंड अरुंद आणि पोट प्रशस्त असते. २००५ च्या महापुरात त्यांपैकी बरीच निकामी झाली. अशाच एका पेवात पुराव्याची पेटी आहे आणि कृष्णा नदीचे पाणी चढते आहे, असे धरू. मग वेळेचा ताण दाखवायला बॉम्बच्या घड्याळाची गरज नाही. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर इशारा पातळी आणि ४५ फुटांवर धोका पातळी असते. प्रत्येक प्रकरणात पाणी किती फुटांवर आले, एवढे कोणाच्या तरी तोंडून कळले तरी पुरे. सांगलीकराला त्या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता मुख्य प्रसंग. बंद पेवात प्राणवायू कमी असतो, त्यामुळे झाकण काढल्याबरोबर उतरता येत नाही. नायक दोराला कंदील बांधून खाली सोडतो, ज्योत विझते. मुलगी घाई करते, तो उत्तर न देता थांबतो. बऱ्याच वेळाने ज्योत टिकते. स्वतःची गाठ दोनदा तपासल्याखेरीज कधीही न उतरणारा हा माणूस, जिच्या बापाला त्याने सोडून दिले तिच्याच हातात दोर देतो आणि या वेळी गाठ तपासत नाही. ही सवय पहिल्या भागात, निदान या भागाच्या सुरुवातीला, दोन ठिकाणी सहज पेरलेली असावी. नाहीतर या कृतीचा अर्थ लागणार नाही. ‘त्याचे मन हेलावले’ असे वाक्य येथे लिहिले, की सगळे मुसळ केरात.

संवादांत त्याची वाक्ये तोकडी ठेवावीत. मुलीला मात्र ‘लई’, ‘कशापायी’ असे मोकळेपणाने बोलू द्यावे, म्हणजे त्याचे मौन आपोआप उठून दिसते. तो वर आल्यावर तिने त्याला क्षमा केल्याचे दाखवू नये. बाप कुठे पडला, एवढेच ती विचारील आणि तो जागा सांगील. पुढचे प्रकरण थेट पाठलागाने सुरू करावे.