मड वाचवायचं असेल तर पोत्याआधी पंपाकडे बघा

सुट्टीवर नागपूरला आलो की एलआयटी कॉलेजच्या पोरांचा प्रश्न ठरलेला: "सर, लॉस झाला तर कोणतं एलसीएम टाकायचं?" म्हणजे मड (खोदताना विहिरीत फिरवतात तो चिखलासारखा द्रव) खडकात पळालं, तर भेगा बुजवायला पोत्यातला कोणता माल ओतायचा. अरे भाऊ, पोतं फोडायची वेळच का यावी? आपल्याकडे बोअरच्या गाड्या हवेवर खडक फोडतात, म्हणून मडची सवय नसते. तेलाच्या विहिरीत निम्मे लॉस आपणच ओढवून घेतो, असं माझं मत आहे.

टाकीतल्या मडचं वजन बघून निर्धास्त राहू नका. खडकाला जाणवते ती ईसीडी, म्हणजे पंप चालू असताना घर्षणाचा दाब धरून येणारं मडचं वजन. समजा मड 10 पीपीजी (पाउंड प्रति गॅलन), उभी खोली 8000 फूट आणि ॲन्युलसमधला (पाइप आणि विहिरीच्या भिंतीमधल्या जागेतला) घर्षणाचा दाब 250 पीएसआय. 250 ला 0.052 गुणिले 8000 ने भागा, 0.6 येतं. म्हणजे पंप चालू असताना तळाला 10.6. तिथला खडक 10.5 लाच फाटत असेल तर संपलं.

म्हणून ड्रिलरशी गोडीत राहा. ट्रिपनंतर, म्हणजे पाइप वर काढून परत खाली सोडल्यावर, मड जेल होऊन बसलेलं असतं. आधी पाइप फिरवायला लावा, मग पंप अगदी कमी स्ट्रोकवर. फ्लोलाइनला (मड परत येतं त्या नळीला) मड दिसलं की हळूहळू वाढवा. पाइप धाडकन खाली सोडला तरी सर्ज, म्हणजे दाबाचा धक्का, येतो आणि खडक फाटतो. शिफ्ट संपत आली की ही घाई हमखास होते. तेव्हा रिग फ्लोअरवर जाऊन उभे राहा. कटिंग्ज (खडकाचा चुरा) नीट वर येत नसतील तर खोदण्याचा वेग कमी करा, नाहीतर ॲन्युलसचं वजन वाढतं.

टाकी उतरली की लगेच बोंब नको. 12¼ इंची होल 100 फूट खोदलं की सुमारे 14.6 बॅरल मड नव्या पोकळीतच जातं. टाकीचा डम्प व्हॉल्व्ह (रिकामी करायचा) आणि शेकरची, म्हणजे मड गाळणाऱ्या चाळणीची, जाळी तपासा. मग बोला.

खरंच झिरपत असेल, तासाला 10 बॅरलच्या आत, तर बारीक कॅल्शियम कार्बोनेट पुरतं. पे झोनमध्ये (तेलाच्या थरात) तेच वापरा, नंतर ॲसिडने विरघळतं. अभ्रक विरघळत नाही. त्याहून जास्त लॉसला जाड, मध्यम, बारीक असं मिश्रण लागतं: रस्त्याला गिट्टी, चुरी, मुरूम तिन्ही लागतात तसं. मात्र एमडब्ल्यूडी (पाइपमधलं मोजणीचं यंत्र) आणि बिटच्या नोझलमधून किती जाड माल जातो ते आधी विचारा, नाहीतर पाइपची स्ट्रिंगच चोक होईल. पिल (एलसीएम मिसळलेलं मड) फिरत असताना शेकरला जाड जाळी लावा, नाहीतर सगळा माल बाहेर. मुंबई हायसारख्या चुनखडीत मोठी पोकळी लागली तर पोती ओतत बसू नका, सिमेंट प्लगची तयारी करा.

रिटर्न, म्हणजे वर परत येणारं मड, पूर्ण बंद झाले तर पंप थांबवा, ॲन्युलस वरून पाण्याने भरा आणि किती बॅरल घेतलं ते लिहून ठेवा. पातळी उतरली की तळाचा दाब घटतो आणि दुसऱ्या थरातून गॅस आत येऊ शकतो. त्यामुळे भरताना एक माणूस फ्लोलाइनवरून हलता कामा नये.